हात मांड्यांखाली

करून बघा एकदा. पहिली-दुसरीच्या पोरांचा बाक असतो ना, तसल्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवा. समोर तुमचं स्वतःचं लेकरू उभं आहे. त्याला एक साधी वजाबाकी घातलीये, उत्तर तुमच्या जिभेच्या टोकावर आहे आणि लेकराचा हात चुकीच्या आकड्याकडे निघालाय. तुम्ही बोलायचं नाही. खोकायचं नाही. भुवईसुद्धा हलवायची नाही. जमेल?

जमेल असं वाटतं खरं. त्यालाही वाटलं होतं.

बांधकामावर त्याला सगळे ‘सिग्नल’ म्हणत. काम तेच होतं. क्रेनचा चालक उंच केबिनमध्ये बसलेला, त्याला खालचं धड दिसत नाही आणि काही ऐकू येत नाही. म्हणून खाली एक माणूस उभा करतात. तो हातांनी सांगतो आणि वरचा ऐकतो. बोट वर फिरवलं की लोड वर, बोट खाली रोखलं की खाली, मूठ आवळली की आहे तिथे थांब. हूकला लटकलेली सिमेंटची फळी एखाद्या घराच्या भिंतीएवढी असते. ती खाली येताना कोणाचं डोकं, कोणाचा पाय मध्ये आहे हे फक्त सिग्नलला दिसतं.

हे काम धीट माणसाचं नाही, भित्र्या माणसाचं आहे. आणि सिग्नल भित्रा होता. ताकच काय, तो पाणीही फुंकून प्यायचा. घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघायचा, जिन्यातून परत येऊन पुन्हा ओढायचा. बायको म्हणायची, “अहो, कुलूप निखळून हातात येईल एक दिवस. मग बसा राखण करत.” ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर वाफेत उभी राहायची आणि तिला कशाचीच भीती वाटायची नाही.

त्यांची एकुलती एक लेक दुसरीत होती. अंगाने एवढीशी, म्हणून तिला पिटू म्हणत.

पिटूच्या वर्गात बाईंची एक पद्धत होती. टेबलावर काड्या ठेवलेल्या, दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून आणि बाकीच्या सुट्या. शेजारी आकड्यांचे पत्ते मांडलेले. बाई गणित सांगणार, मुलाने काड्या मोजायच्या आणि उत्तराच्या पत्त्यावर हात ठेवायचा. सिग्नलने घरीही तेच केलं. खोक्याचा पुठ्ठा कापून पत्ते बनवले, त्यांवर जाड अक्षरात आकडे काढले. रोज संध्याकाळी बाप-लेक जमिनीवर समोरासमोर बसत. तो गणित घालायचा. पिटूचा चिमुकला हात पत्त्यांवरून हवेत फिरायचा, इकडे, तिकडे, जरासा रेंगाळायचा आणि बरोबर पत्त्यावर अलगद उतरायचा.

“एकही चुकत नाही,” तो बायकोला सांगायचा. “काड्यांना तर हातसुद्धा लावत नाही. सगळं डोक्यात!”

म्हणून बाईंनी जेव्हा शाळा सुटताना त्याला थांबवलं, तेव्हा त्याच्या काळजात धस्स झालं. शाळेच्या दारात त्याचं तसंही व्हायचं. लहानपणी फळ्यासमोर उभं राहून त्याची वाचा बसायची, आणि वाचा बसली की गुरुजींचा खडू कपाळावर बसायचा. त्याची शाळा कायमची सुटली ती त्याच भीतीपायी.

“पिटूचे बाबा, ती वर्गात उत्तरच देत नाही,” बाई म्हणाल्या. “हात वर धरून उभी राहते. नुसती. मला वाटलं लाजते, पण आता वर्ष सरत आलं. असंच राहिलं तर तिला याच वर्गात आणखी एक वर्ष बसवावं लागेल.”

“अहो बाई, घरी सगळं येतं तिला!”

“मग एकदा येऊन बसा ना. पालकांना आम्ही बोलावतोच एकेका तासाला. बघा तुमच्या डोळ्यांनी.”

घरी आल्यावर त्याने बायकोला सांगितलं आणि वर म्हणाला, “पोर घाबरते गं त्या बाईंना. दुसरं काय!”

“बाईंना?” बायकोने ओले केस टॉवेलने झटकले. “परवा मला म्हणत होती, बाईंचा आवाज गोड आहे. गोड आवाजाला घाबरायला ती काय तुमची लेक आहे? बरं, आहेच म्हणा.”

तो हसला नाही. पिटूच्या मैत्रिणी पुढच्या वर्गात जाणार आणि ती एकटी मागे राहणार, दारातून त्यांच्याकडे बघत. हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं ते हलेना.

ठरलेल्या दिवशी त्याने अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली आणि बूट घासून पुसून शाळेत गेला. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं. “एकच नियम,” त्या हसून म्हणाल्या. “हात मांड्यांखाली. आलेल्या सगळ्या पालकांना सांगते. नाहीतर बोटं आपोआप उत्तराकडे जातात.”

पोरं फिदीफिदी हसली. पिटूही हसली. त्याने हात मांड्यांखाली असे दाबले की मुंग्या आल्या.

बाईंनी पिटूला टेबलाशी बोलावलं आणि पहिलं गणित सांगितलं. तिने काड्यांकडे पाहिलंच नाही. हात पत्त्यांवर गेला, तरंगत राहिला, सरकला, थांबला आणि उतरला. बरोबर! दुसरं गणित, तेही बरोबर. तिसरंही. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सिग्नलच्या डोळ्यांत पाणी आलं. बघा बाई, त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, माझी पोर हुशार आहे!

बाई मात्र पिटूकडे बघत नव्हत्या. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या.

“पिटूचे बाबा,” त्या हळूच म्हणाल्या, “जरा मागे जाऊन उभे राहता? खिडकीपाशी?”

त्याला कळलं नाही, पण तो उठला आणि पोरांची दप्तरं ओलांडत मागे गेला. बाईंनी गणित घातलं, “बत्तीसातून सात गेले.”

पिटूचा हात वर गेला आणि पत्त्यांवर फिरू लागला. एकदा सगळ्यांवरून, मग उलट, मग पुन्हा. वाऱ्यात सुटलेल्या रिकाम्या हूकसारखा तो हात झुलत होता. उतरायला जागा नव्हती असं नाही. सांगणारं कोणी नव्हतं.

तिने मान वळवली. वर्गावरून, सगळ्या डोक्यांवरून तिची नजर सरळ त्याच्यावर आली. त्या नजरेला तो ओळखत होता. रोज दिवसभर केबिनच्या काचेतून तीच नजर त्याच्यावर रोखलेली असायची.

पिटूने हात खाली घेतला आणि फ्रॉकशी धरून उभी राहिली. आता ती बाईंकडेही बघेना.

तेव्हा त्याने खाली पाहिलं. त्याची उजवी मूठ छातीशी घट्ट आवळलेली होती. थांब.

त्याने बोटं सोडली, पण उशीर झाला होता.

तास संपल्यावर बाई त्याला बाहेर घेऊन गेल्या. व्हरांड्यात पोरांच्या पाण्याच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या होत्या. त्यांच्याकडे बघतच तो ऐकत राहिला.

“तिचा हात बरोबर पत्त्यावर आला की तुमच्या बुटाचं टोक खाली जातं,” बाई म्हणाल्या. “तिन्ही वेळा गेलं. पहिल्या वेळी मला वाटलं, सहजच हललं असेल.”

“मी मुद्दाम नाही केलं बाई. लेकीची शपथ.”

“मला माहीत आहे. तुम्हाला कळतसुद्धा नाही.”

“म्हणजे तिला काहीच येत नाही? एवढे दिवस रोज संध्याकाळी आम्ही दोघं... ती शिकली काय मग?”

“तुम्हाला शिकली,” त्या म्हणाल्या. “आणि ते सोपं नसतं हो. पण परीक्षेत तुम्ही नसाल. घरी तिच्याकडे पाठ करून बसा. तिला काड्या मोजू द्या आणि चुकू द्या.”

चुकू द्या! ज्याच्या कामात चूक म्हणजे फळीखाली माणूस, त्याला हे सांगायचं?

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी कामावर हात उचलायचीच भीती वाटू लागली. माझे हात मला न विचारता बोलतात, मग आणखी काय काय बोलत असतील? लोड हवेत होता आणि त्याचं बोट थरथरलं. वर लोडही थरथरला. त्याने घाबरून मूठ आवळली, लोड थांबला. खालची माणसं वर बघत शिव्या देत बाजूला झाली.

चहाच्या वेळी क्रेनचालक खाली उतरला. सगळे त्याला ‘वरचा’ म्हणत आणि काम अडलं की ‘वरच्याची मर्जी’ म्हणून हसत. तो येऊन सिग्नलच्या शेजारी पत्र्याला टेकला.

“काय रे, आज मला पाळणा हलवायला लावलास की!”

“एक विचारू?” सिग्नल म्हणाला. “तू वरून काय बघतोस? लोड बघतोस ना?”

“लोड कुठला दिसतोय! तू दिसतोस.”

“आणि मी चुकीचं सांगितलं तर?”

“मग मी चुकीचं करीन.” वरच्याने चहावर फुंकर मारली. “तुला काय वाटलं, मी डोकं चालवतो? डोकं चालवलं तर मुकादम घरी पाठवेल मला.”

“भीती नाही वाटत तुला?”

“तुझ्या थोबाडावर दोघांना पुरेल एवढी असते. मी कशाला वेगळी आणू?”

वरचा हसत हसत निघून गेला. सिग्नलचा चहा तसाच राहिला. हा तर मोठा बाप्या, पगारी माणूस. पण घरी समोर बसणारी सात वर्षांची पोर, तिनेही माझीच भीती वापरली असेल का? बत्तीसातून सात तिला माहीत नाही, पण बाप कधी घाबरतो आणि कधी निर्धास्त होतो हे माहीत आहे. याचं तिने पुढे काय करायचं?

संध्याकाळी त्याने पुठ्ठ्याचे पत्ते मांडले, काड्यांचे गठ्ठे ठेवले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला.

“हे काय?” बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं. “भिंतीला शिकवणार आता? की कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा बसून भोगताय?”

“तूही आत जा. बघू नकोस तिच्याकडे.”

“मी काय केलं?”

“जा गं. सांगतो नंतर.”

त्याच्या आवाजात असं काहीतरी होतं की ती उलट न बोलता गेली. आत भांड्यांचा आवाजही बंद झाला.

“बाबा, इकडे बघ ना,” पिटू मागून म्हणाली.

“नाही. आज तू एकटीने. काड्या आहेत बघ. बत्तीसातून सात गेले, किती राहिले?”

काहीच ऐकू येईना. समोरच्या भिंतीचा रंग एका जागी उडाला होता, त्याच्यावर त्याने डोळे खिळवले. हात मांड्यांखाली घातले. बूट तर नव्हतेच, पायाची बोटंही जमिनीवर रोवून धरली. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्याने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदाच त्याला टांगलेल्या बाजूने कळत होतं. मागे ती रडत असेल का? हात हवेत धरून उभी असेल का? एकदाच वळून बघावं? एकदाच?

मग खुडबुड झाली. काड्या सांडल्यासारखा आवाज. रबर ताणल्याचा बारीकसा ‘टण्’.

“दहा,” पिटू पुटपुटली. “वीस...”

त्याने श्वास धरला.

“एकवीस. बावीस.” थांबली. “तेवीस... चोवीस...”

आता ती फारच हळू बोलत होती. एकेक आकडा हवेत धरून ठेवल्यासारखी.

“पंचवीस.”

पुढे ती बोललीच नाही. जमिनीवर पुठ्ठा सरकला.

“ठेवला हात, बाबा.”

त्याला वळता येईना. मान जणू भिंतीलाच चिकटली होती. “नक्की?”

“हो.” मग जराशाने, “बाबा, तू घाबरलायस?”

“मी? छे! तुला कोणी सांगितलं? मी तर पाठ करून बसलोय.”

“तुझे कान हलतात,” पिटू म्हणाली. “घाबरलास की वर जातात. मग खाली येतात.”

तो गर्रकन वळला. एक गठ्ठा सुटलेला होता आणि त्याचं रबर पिटूच्या मनगटावर होतं. काही काड्या तिच्या मांडीशी रांगेत लावलेल्या, काही इकडे तिकडे पांगलेल्या. तिचा हात पंचवीसच्या पत्त्यावर घट्ट होता. ती त्याच्याकडे बघत होती. डोळे तेच होते, चेहऱ्यावर काही उमटतंय का ते शोधणारे.

बायको दारात येऊन उभी राहिली. “आलं ना बरोबर?” तिने विचारलं. “मग असे पांढरेफटक का पडलात?”

परीक्षेला अजून वेळ होता. सांडलेल्या काड्या एकेक करून गोळा करताना त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते तिला विचारायचा धीर होत नव्हता: हे पंचवीस या काड्यांतून आलं, की माझ्या कानांतून?