दर वेळी नव्याने लावायचा आवाज

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी गेवराईतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. फोनवर त्याच्या बायकोने, राधावहिनींनी, एवढंच सांगितलं, "भावजी, हे गेले. कायतरी सांगायचं व्हतं त्यांना, पण तुमचं ते सेटिंग लागलं न्हाई..." महिना झाला. दत्ता नाही, हे आता मनाला पटायला लागलंय. त्या सेटिंगचं मात्र काय करू, कळत नाही.

दत्ता पालीचा, माझा शाळेपासूनचा मित्र. नारायणगडाच्या जत्रेत माइकवर पुकारा करायचा तो. हरवलेल्या माणसाचं नाव घेऊन क्षणभर थांबायचा, मग गाव सांगायचा. "घाई केली की माणूस सापडत न्हाई बे," म्हणायचा. घशाच्या कॅन्सरमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं आणि असा माणूस पाटीवर लिहून बोलू लागला. वहिनींना वाचता येत नाही, म्हणजे घरात बोलणं संपलंच. मग मी त्याच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याने टाइप करायचं, लॅपटॉपने बोलायचं. पहिल्याच दिवशी त्याने तासभर खटपट केली. बाईचा आवाज बदलून पुरुषाचा घेतला, वेग कमी केला, नावानंतरचा थांबा वाढवला. आवाज परका, पण बोलणं अगदी त्याचं! वहिनी पदर तोंडाला लावून लई रडल्या.

पण प्रोग्रॅम बंद झाला की हे सगळं पुसलं जायचं. पुन्हा सुरू केला की कुणा अनोळखी बाईची भरभर बडबड. लावलेलं सेटिंग एका फाइलमध्ये जपून ठेवायचं आणि सुरू होताना तिथूनच उचलायचं, एवढं साधं काम मी केलंच नव्हतं. माझ्याकडे इन्व्हर्टर, प्रोग्रॅम दिवस दिवस चालूच राहायचा, त्यामुळे मला ते जाणवलं नाही. पालीत लाईट सारखी जायची आणि त्याच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. दत्ताने मला मेसेज केला होता, "याला याद ठेवायला शिकव की बे." मी म्हणालो, या आठवड्यात करतो. दिवाळी गेली, मुलांच्या परीक्षा आल्या... खरं सांगायचं तर आळस, दुसरं काही नाही.

शेवटच्या दुपारी लाईट जाऊन आली. सगळं पुन्हा लावण्याइतका त्याच्या बोटांत जोर नव्हता, आणि काय कुठे सरकवायचं ते वहिनींना कळेना. "आसंच बोला की, मी समजून घेते," त्या म्हणाल्या. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि लॅपटॉप मिटला. त्या बाईच्या आवाजात त्याला बायकोशी शेवटचं बोलायचं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तो गेला.

तेराव्यानंतर मी ते काम केलं आणि पालीला गेलो. दत्ता लावायचा ते सेटिंग आठवून एकदा लावलं, मग लॅपटॉपचा प्लग उपटला, परत लावला. प्रोग्रॅम सुरू झाला. तोच खालचा आवाज, तोच वेग, तोच थांबा. मी "राधा" टाइप केलं. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं,

"भावजी, ह्याला किती टाइम लागला?"

खोटं बोलता आलं असतं. "दहा मिनिटं," मी म्हणालो.

त्या उठून आत गेल्या. मी बराच वेळ बसून राहिलो. चहाचं कुणी विचारल्याशिवाय त्या घरातून मी पहिल्यांदाच निघालो.