अकराचा भोंगा आणि अंकुरचा श्वास

अकोटला आमच्या भिंतीला भिंत लागून जमुनाताईंचं घर. माहेर वरूडचं, संत्र्याच्या बागेतलं. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा कापसाच्या धुरळ्यानं सारख्या खोकायच्या म्हणे. मागच्या गल्लीत जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथे कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं त्या दिवसभर सांभाळतात. त्यांना स्वतःचं मूल नाही. कोणी तो विषय काढलाच तर "एवढे का कमी हायेत?" म्हणून वरण ढवळायला लागतात.

लेकरांना शांत करायची त्यांची एक रीत आहे. दंगा वाढला की सगळ्यांना देव्हाऱ्यापुढे बसवायचं, हात जोडून डोळे मिटायचे, आणि आज उदबत्ती कशाची ते ओळखायचं. लेकरं लांब श्वास ओढतात, कोणी मोगरा म्हणतं, कोणी चंदन, आणि आपोआप निवतात. मला फार आवडलं ते. माझ्या नातीलाही मी तसंच बसवते.

पण जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या आरतीच्या अंकुरला काही ते लागू पडेना. साडेतीन वर्षांचं पोर. जिनिंगचा अकराचा भोंगा झाला की घाबरून श्वासच रोखतो. ओठ निळे पडतात, मान टाकतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, जिवाला धोका नाही, मोठा होईल तसं जाईल. पण ते ओठ समोर दिसले की डॉक्टरांचं बोलणं कुठे आठवतं. मग आरतीला बोलावणं जातं आणि ती काम टाकून धावत येते. काल मुकादम नत्थुजींनी तिला बजावलं, "आता पळाली तं उद्यापासून घरीच राय." घरात कमावणारी ती एकटीच.

आज ती पोराला सोडायला आली तेव्हा मी तिथेच वाती करत बसले होते.

"काकू, आज मले बलावू नका," ती जमुनाताईंना म्हणाली. दारातून परत फिरली. "पण लय झालं तं बलावा."

"एक कायतरी सांग वं बाई."

ती पदर खोचून जिनिंगकडे पळालीच.

मग माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. माउलीचं नाव तोंडात, पण वात एकही धड होईना. जमुनाताई म्हणाल्या, "वैनी, काल मी पायत होती. डोळे मिटले का पोट्टं जास्तच घाबरते. अंधारात तो भोंगा आंगावर येते वाट्टे त्याले."

"अहो, पण डोळे उघडे ठेवून देवाचं नाव कसं घेणार?"

"देव का डोळे पायत बसते?"

माझ्या मांडीवरचा कापूस त्यांनी चिमटीत उचलला, पिंजून अंकुरच्या तळहातावर ठेवला. "हे झोपलं हाये. हळूच वारा घाल, उठवू नको." त्यानं जोरात फुंकलं, कापूस उडाला. पुन्हा उडाला. मग एकदा जागेवरच राहिला, नुसते तंतू हलले.

तेवढ्यात भोंगा झाला.

अंकुर ताठ झाला. ओठ मिटले, छाती थांबली. माझा जप मध्येच तुटला. जमुनाताईंनी त्याला धरलं नाही की हलवलं नाही. त्याच्या तळहाताजवळ तोंड नेऊन सावकाश श्वास सोडला. "पाय बरं, माह्या वाऱ्यानं हालते. तुह्या वाऱ्यानं हालते का?"

भोंगा काही थांबेना. ओठ काळवंडायला लागले. मी आरतीला बोलवायला उठले, एक पाय चपलेत घातला. जमुनाताईंनी हातानंच मला थांबवलं आणि आपलं तोंड मागे घेतलं. अंकुरचे डोळे कापसावर होते. मी चौकटीला धरून उभी.

तंतू हलले.

मी पायातली चप्पल काढून ठेवली. जमुनाताईंच्या कपाळावर घाम होता.

जेवतानाही त्यानं तो कापूस सोडला नाही. एक वाजता सुट्टीत आरती धापा टाकत आली. बोलावणं आलं नाही म्हणूनच जास्त भ्यालेली. "काहून नाई बलावलं?" म्हणत त्याच्यापुढे बसली, आणि तिच्याच धापेनं कापूस उडून मोरीत गेला. अंकुरनं भोकाड पसरलं. आरतीचा चेहरा पांढरा पडला.

"रडू दे," जमुनाताई म्हणाल्या. "रडते म्हंजे श्वास घेऊन राह्यला."

आरतीनं त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग तोंडावर पाणी मारून वेळेत कामावर गेली. अंकुर रडतच होता, आणि त्याला गप्प करायला आम्हा दोघींपैकी कोणीच उठलं नाही.