सुभद्रामावशी आणि चौदा घरांची विहीर

सुभद्रामावशी मला पहिल्यांदा दिसली ती मी आखलेल्या फक्कीच्या रेघेवर पाय देऊन उभी असलेली. नेकनूरच्या पुढे माळाच्या एका उतारावर आमच्या सहकारी संस्थेचं धान्याचं गोदाम बांधायचं होतं आणि मी नुकताच डिप्लोमा करून संस्थेकडे ओव्हरसियर म्हणून लागलो होतो. नकाशा पसरून पायाची आखणी करत होतो. खोदकामाच्या बायकांची मुकादम म्हणून ती आली, नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि उताराच्या खाली नजर लावून म्हणाली, "सायेब, हे समदं ठीक हाय. पर पाणी कुठून जाणार?"

"कुठलं पाणी?" मी विचारलं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, आभाळात औषधालाही ढग नव्हता. बायका हसल्या, मीही हसलो. मावशी तेवढी हसली नाही.

उताराच्या पायथ्याशी तिची वस्ती होती, चौदा घरांची. बहुतेक घरं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जाणारी. त्या वर्षी उसाचेही वांधे झाल्याने सगळे लवकर परत आले होते. वस्तीच्या वरच्या अंगाला एक विहीर होती. आसपासच्या विहिरींनी तळ गाठला असताना हिच्यात अजून दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं, पाणी होतं. आमच्या पायाची मोकळी माती वर आणि ती विहीर बरोबर खाली. मला हे सुचलं नव्हतं, कारण माझ्या नकाशात विहीर दाखवलेलीच नव्हती.

मावशी पन्नाशीची असेल. अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. सगळा जन्म पाझर तलावांच्या आणि बांधबंदिस्तीच्या कामांवर गेला होता. खोदाई सुरू व्हायच्या आधी तिनं पायाच्या खालच्या बाजूला दहा हात रुंदीचा गवताचा पट्टा राखून ठेवला. वाळलेली कुसळीच ती, पण मुळं जिवंत होती. त्याच्या खाली आडवी दगडांची ओळ लावली, एका पातळीत, पाण्याने भरलेल्या नळीने पातळी बघून. दगडांच्या फटींत तुराट्यांच्या पेंढ्या दाबून बसवल्या. "पाणी अडवायचं न्हाई सायेब," ती मला समजावायची, "त्याला नुस्तं दमवायचं. दमलं की माती खाली ठिवून जातंय."

दुष्काळात दहा हात गवत राखणं म्हणजे वस्तीशी वैर घेणं. तिच्याच जावेची गाय एकदा पट्ट्यात शिरली, तर मावशीनं ती हाकलत नेऊन सरळ कोंडवाड्यात घातली. जाऊ महिनाभर बोलत नव्हती. मी म्हटलं, मावशी, घरच्या गाईला तरी सोडायचं. ती म्हणाली, "घरच्या गाईला सोडलं तर दुसऱ्याच्या गाईला कोन्त्या तोंडानं हाकलू?"

शहाणपणा करायची हौस मला होतीच. वाऱ्याने माती फार उडते म्हणून मी ट्रकचं जळकं तेल आणून शिंपायचं ठरवलं; मांजरसुंब्याच्या गॅरेजवाल्यांकडे ते फुकट मिळायचं. डबे उतरवून घेतले आणि मावशी समोर उभी राहिली. "तेल मातीला धरंल, खरं हाय. मग मातीतून हिरीत जाईल. ते पाणी तुमी प्याल का?" मी डबे परत पाठवले आणि तिनं मातीच्या ढिगांवर उसाचं पाचट पसरून वर दगड ठेवले. माती उडायची थांबली. मला थोडा रागच आला होता, हे कबूल करायला आता हरकत नाही. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली.

पाया वर आला आणि चेअरमनसाहेबांनी कोनशिलेचा समारंभ काढला. मंत्री येणार होते. मोटारी खालच्या सडकेवरून सरळ वर याव्यात, असा हुकूम आला. म्हणजे मधला गवताचा पट्टा आणि दगडांची ओळ तोडावी लागणार होती. मावशी म्हणाली, "मोटारी वरच्या वाटेनं आणा की. जरा येढा पडंल, दुसरं काय?" मंत्र्यांना वळसा घालायला लावणारा ओव्हरसियर संस्थेत किती दिवस राहिला असता, हे मला ठाऊक होतं. मी ओळ तोडली. दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढं खिंडार पाडलं. वर आणखी शोभा म्हणून तेच दगड वाटेच्या दोन्ही कडांना मांडून त्यांना आळीपाळीने गेरू आणि चुना फासला. चेअरमनसाहेबांनी माझी पाठ थोपटली. मंत्री आले, हार घालून घेतले, गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं विचारलं, "दगड लावायचं का माघारी?" मी म्हटलं, उद्या. त्या दिवशी झालेल्या कामाची मापं घ्यायची होती. मग तिच्या बायका पलीकडच्या खोदाईला लागल्या. ती रोज विचारायची आणि मी रोज उद्या म्हणायचो. आठवा दिवस असेल, दुपारी चारच्या सुमाराला वळीव आला. अर्धा तासही पडला नसेल, पण आडवातिडवा पडला. पायाच्या मातीने नेमकं ते खिंडार गाठलं आणि ती मी रंगवलेल्या वाटेनं खाली गेली.

मी धावत विहिरीवर पोहोचलो तेव्हा आत पिठल्यासारखं काहीतरी डचमळत होतं. मावशी काठावर बसली होती. ओरडेल, चार शब्द सुनावेल, असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आता सांजच्याला आधण कशाचं ठिवायचं?"

टँकर सुरू झाला, एक दिवसाआड, घरटी दोन हंडे. चेअरमनसाहेबांनी मला बोलावून पंचनामा करायला सांगितला. अतिवृष्टीमुळे विहिरीचं नुकसान, नैसर्गिक आपत्ती, असं लिहायचं आणि वस्तीवरच्या कुणाचा तरी अंगठा घ्यायचा. मी निमूटपणे लिहिलं आणि कागद मावशीपुढे धरला. तिनं वाचून दाखवायला सांगितलं.

"पावसानं केलं म्हन्ता?"

"तसं लिहावं लागतं मावशी."

"त्याला काहून गुतवता? त्यो येनारच व्हता कवातरी. दगड काय त्यानं उचलले?" तिनं अंगठा दिला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बायकांना आमच्या कामावर घ्यायचं नाही, असा निरोप आला. तो मीच तिला सांगितला.

त्याच बायकांनी मग विहिरीतला गाळ काढायला घेतला. कुणाचा हुकूम नाही, हजेरी नाही. चार दिवस मी वरून बघत होतो. जेवण जात नव्हतं. पाचव्या दिवशी मी पंचनामा फाडला आणि विहिरीत उतरलो. मावशी गुडघाभर चिखलात उभी राहून घमेलं भरत होती. मी म्हणालो, "मावशी, चूक माझी आहे. पावसाची नाही."

तिनं हात थांबवला नाही. "मला काहून सांगता? हीर माज्या एकटीची हाय का? चौदा घरं हायत. जावा."

मी गेलो. पहिल्या घरात शिरलो. त्यांनी बसायला पोतं टाकलं आणि रीत म्हणून पेलाभर पाणी पुढे ठेवलं. टँकरचं. नको म्हणायची सोय नव्हती, घरच्यांचा अपमान झाला असता. पाणी प्यायलो आणि चूक माझी आहे म्हणालो. घरचा म्हातारा "बरं" म्हणाला. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी तसंच. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. प्रत्येकानं दोन हंड्यांतलं पाणी काढून मला पाजलं.

चौदावं घर मावशीचं. ती तेवढ्यात विहिरीवरून आली होती, हातावरचा चिखल वाळलेला. तिनंही पेला भरून पुढे ठेवला. माझ्या पोटात जागा नव्हती. तळाला थोडं पाणी उरलं. सवयीने ते अंगणात फेकायला मी हात उचलला, तर तिनं मनगट धरलं. पेला काढून घेतला, माझं उष्टं पाणी स्वतः प्यायली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "उठा आता. वर माती अजून सुटीच हाय."