जोडीतलं एकच पुस्तक

वाचनालयात सगळे तिला सेनापती म्हणत, आणि बाईने जन्मात साधं झुरळही मारलं नव्हतं. लढायांच्या पुस्तकांचं कपाट तिच्या ताब्यात होतं, तेवढीच काय ती फौज. स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक कुणाच्या हाती द्यायची नाही, आणि एकटं तर कधीच द्यायची नाही. एक इतिहास, सोबत एक कादंबरी. "इतिहासात किती मेले ते कळतं, कोण मेलं ते कादंबरीत," असं नव्या वाचकाला ऐकवायची. एखादा नाक मुरडायचा, पण जोडी घेऊनच जायचा.

म्हातारे शिंपीकाका तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांचा थोरला भाऊ ऐन तारुण्यात लढाईवर गेला तो गेलाच. त्याची तुकडी एका पुलावर होती. घरी निरोप आला तो "बेपत्ता" एवढाच. त्या पुलाचा उल्लेख कुठे सापडतो का, म्हणून काकांनी अख्खं कपाट पालथं घातलं होतं.

आणि आता तो पूल सापडला होता. नव्या जाडजूड इतिहासात, जेमतेम पानभर. तुकडीने पूल सोडला नाही. मागून आपल्याच तोफांचा नेम चुकला. कुणी उरलं नाही.

तिने ते पान पुन्हा एकदा वाचलं. शत्रूच्या हातून मरण आलं असतं तर सांगता तरी आलं असतं. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? म्हातारा जीव, हाय खाईल. तिने तो इतिहास टेबलाच्या खणात सारला आणि काकांना नुसती कादंबरी दिली. तिच्यातही पूल होता, पण तिथली माणसं झेंडा उंच धरून मरत होती.

काका लगेचच परतले.

"बाई, जोडीतलं दुसरं कुठाय?"

"ते... बाहेर गेलंय, काका."

"जन्मभर कपडे शिवलेत मी. माप चुकलं की गिऱ्हाइकाआधी मला कळतं. काढा बघू."

खोटं तिला कधी जमलंच नव्हतं. तिने खण उघडला, इतिहासातलं ते पान उघडून दिलं आणि पाण्याचा पेला भरून जवळ ठेवला. काका ओळीखाली बोट धरून वाचू लागले. बोट एका जागी थांबलं. आली तोफांची ओळ, तिला वाटलं.

"कुणीच पळालं नाही?" काकांनी विचारलं.

"नाही, काका. शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत." निदान एवढं तरी अभिमानाचं, म्हणून ती घाईने बोलली.

काकांनी चष्मा काढला. "गल्लीतले त्याला पळपुटा म्हणायचे. त्यांच्याशी मी भांडायचो. आणि घरी आईला सांगायचो, अगं, तो पळालाच असणार, कुठेतरी संसार थाटून बसला असेल, पोरंबाळं असतील. आई त्याच आशेवर गेली." त्यांनी पुस्तक मिटलं. "मीही त्याच आशेवर होतो, बाई. इतक्या पुस्तकांत मी एवढंच शोधत होतो, की त्या पुलावरून कुणीतरी पळालं."

तिला भडभडून आलं. इतकी वर्षं ती त्यांना शूरांच्या गोष्टी निवडून देत आली, आणि त्यांना हवा होता एक भित्रा. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

काका उठले. दोन्ही पुस्तकं त्यांनी नीट एकावर एक ठेवली.

"पुढच्या वेळी काय काढून ठेवू, काका?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"आता कुणाला शोधू, बाई?"