बाणातला ण

"बाणातला ण का नळातला न?" असं विचारून बाई पेन्सिल हवेत थांबवायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत खूण करून मोकळ्या व्हायच्या. विचारणं ही नुसती सवय. उत्तर त्यांना माहीतच असायचं.

जालन्यातल्या एका लहानशा संस्थेत आम्ही प्रौढ बायकांसाठी वाचनाची पुस्तकं करायचो. धडे त्या लिहायच्या, प्रूफही त्याच तपासायच्या, संगणक माझ्याकडं. सगळे त्यांना बाई म्हणत. टेंभुर्णीच्या, मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. बोलण्यात 'पानी', 'कोन', 'लोनी'. मास्तरकीच्या वर्गात त्यावरून सगळे हसायचे, हे त्यांनीच सांगितलेलं. कागदावर मात्र एक ण निसटायचा नाही.

"भाऊ, ण माझ्या तोंडात न्हाई, हातात हाय."

तेव्हा आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो, मशीन त्याची देवनागरी करायचं. कॅपिटल एन म्हणजे ण, स्मॉल एन म्हणजे न. ट-त, ठ-थ, ड-द, ळ-ल यांचंही तसंच. हे कळल्यावर बाई खूश झाल्या. "म्हंजे मशीनलाबी ण थोरला वाटतो!"

त्या वर्षीचं पुस्तक त्यांनी तीनदा तपासलं. मग छापायला द्यायच्या दिवशी नव्या मशीनवर काही फायली सापडेनात, कारण त्यांची नावं कॅपिटलमध्ये होती आणि ते मशीन ती स्मॉलमध्ये शोधायचं. सगळे धडे जोडून पुस्तक तयार करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, मी नावं स्मॉल करणारी एक ओळ घातली. पुस्तक तयार झालं. मी पानांची संख्या पाहिली आणि पाठवून दिलं.

प्रकाशन मंठ्याला. गावोगावच्या बायका आलेल्या. पाहुण्यांनी पुस्तक उघडून मोठ्यानं वाचलं, "आई गादीवर बसून मोथ्या बाजाराला गेली. तिनं दाल आनि लोनी आनलं." ते थांबले. मग बाईंकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता तसंच छापलंत की!"

मांडव हसला. मी पाहिलं, तर बाईंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पुस्तक घेतलं, दोन पानं उलटली.

"भाऊ," त्या माझ्याकडं येऊन हळूच म्हणाल्या, "मी लोनी म्हन्ते. पन मोथा कोन म्हन्तं? आमची मेंढरं बी न्हाई म्हनत."

त्या मांडवाबाहेर पडल्या आणि परस्पर टेंभुर्णीला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्क्रिप्ट उघडली. माझी ती ओळ फायलींच्या नावांवर थांबलीच नव्हती. आतला सगळा मजकूर तिनं स्मॉल करून टाकला होता. पुस्तकातला एकूण एक ण, ट, ठ, ड, ळ मी एका ओळीत मारला होता.

संस्थेच्या प्रमुखांना सगळं सांगितलं आणि तडक टेंभुर्णीची बस धरली. बाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. माझं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पुस्तक पुन्हा छापतोय," मी म्हणालो. "चूक माझी होती, हे सगळ्यांना सांगतो. तुम्ही परत या."

"छापा. बराबर छापा." त्यांचे हात थांबले नाहीत. "ओळ तुमची चुकली, ते सुधरंल. पन समदे हसले तवा तुम्ही बी माझ्याच तोंडाकडं पाहिलंत. म्या तीनदा तपासलेलं तुमाला तर माहीत व्हतं ना?"

तुम्ही तिथं असता तर काय बोलला असता, मला माहीत नाही. ते खरं होतं. मांडवात पहिल्या क्षणी मलाही वाटलं होतं, बाईंचंच राहिलं असणार.

त्या मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वाटेत मुलाबाळांची विचारपूस केली, पदरातल्या शेंगा हातात दिल्या. "जल्दी बसा, जागा न्हाई भेटायची मंग."

बस हलली. मी खिडकीतून मागं पाहिलं. वाटलं, उभ्या असतील. त्या केव्हाच वळल्या होत्या आणि भराभरा घराकडं चालत होत्या.