दादांची गोळी आणि दुधाचा पेला

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला दादा पंगतीत बसले आणि आपल्या हाताने जेवले. वाक्य एवढंच आहे, पण लिहिताना आजही मला उभं राहून ओरडावंसं वाटतं. दादा म्हणजे माझे वडील. त्याआधी दोन वर्षं त्यांना घास भरवावा लागत होता. ती वेळ त्यांच्यावर बऱ्याच अंशी मी आणली होती. पंगतीत मी त्यातलं निम्मं कबूल केलं. उरलेलं इथे करतो.

दादांचं आयुष्य बुऱ्हाणपुरात पॉवरलूमवर गेलं. तुटलेला धागा ते बोलता बोलता सांधायचे. त्याच हातांना कंपवात झाला. डॉक्टरांनी दिवसातून तीन वेळा एक गोळी दिली आणि कागदावर लिहून दिलं: जेवणाआधी अर्धा तास, पाण्याबरोबर.

आमच्या घरी गोळी म्हणजे 'गरम' वस्तू. ती दुधाने शांत करायची, ही माझ्या आईपासूनची रीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच वर्षी मी फळ्यावर आतड्याची आकृती काढून अन्न रक्तात कसं शोषलं जातं ते समजावलं होतं. आणि घरी? बायको पाण्याचा तांब्या घेऊन यायची, मी तो परत पाठवायचो.

"अहो, कागदावर पाणी लिहिलंय."

"एवढी कडक गोळी नुसत्या पाण्याबरोबर? पोट जळेल त्यांचं. दूध आण. विज्ञान मी शिकवतो की तू?"

गोळी लागू पडेना. हात ताटातून निघायचा आणि वरण सदऱ्यावर सांडायचं. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशी घेतात?" मी म्हणालो, "तुम्ही सांगितलं तशीच." त्यांनी बिचाऱ्यांनी गोळी वाढवली. तीही दुधाबरोबरच गेली. कधी थोडी लागू पडायची, कधी अजिबात नाही. एकदा वैतागून मी दादांना म्हणालो, "जरा मनावर घ्या ना. तुम्ही प्रयत्नच करत नाही." त्यांनी हात चादरीखाली घेतला. तो चादरीखाली जाणारा हात मला अजून दिसतो.

साखरपुडा ठरला तेव्हा ते म्हणाले, "मी घरीच थांबतो. नातीच्या सासरच्यांसमोर भरवून घेऊ का?"

आठ दिवस आधी मुलगी इंदूरहून आली. ती फार्मसी शिकते. सकाळी तिने दादांच्या उशाशी दुधाचा पेला पाहिला आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

"मम्मी, ये क्या है? ही गोळी दुधासोबत देतात का कुणी?"

मग दादांच्या खाटेवर बसून तिने समजावलं, "आजोबा, गोळी पोटात गेली म्हणजे पोहोचली असं नाही. ती आतड्यातून रक्तात जायला हवी, रक्तातून मेंदूत. तिथे गेल्यावरच हात ऐकतो. आणि दुधातलं, डाळीतलं प्रोटीन पचलं की तेही त्याच वाटेने जातं. इथे स्टेशनकडे, लालबागच्या रस्त्यावर केळीचे ट्रक लागले की आपली रिक्षा मागे अडकते ना? तसं."

"म्हणजे माझी रिक्षा दोन वर्षं जाममध्येच उभी?" दादा म्हणाले.

"हां ना! आणि मम्मी, तू कागद तरी वाचायचा."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर वाचत होतो.

"चुकलं बाई माझं," ती म्हणाली.

मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मुलीचं म्हणणं बरोबर ठरवलं. गोळी तेवढीच ठेवली, फक्त पाण्याबरोबर, वेळेवर. दूध आणि डाळ शक्यतो संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी दादांनी सदऱ्याचं वरचं बटण स्वतः लावलं. लावलं, काढलं आणि पुन्हा लावलं. मग हाक मारली, "सूनबाई, बघ गं!"

साखरपुड्याचा मुहूर्त भटजींनी काढला, पंगतीचा माझ्या मुलीने. साडेअकराला गोळी, सव्वाबाराला पान. आचारी कुरकुरला, पण सव्वाबाराच्या ठोक्याला वाढप सुरू झालं. दादा माझ्या शेजारी बसले. हात थोडा थरथरला, भातापाशी थांबला आणि वर आला. घास तोंडात गेला. सदऱ्यावर एक शीतही नाही. दुसरा घास. तिसरा. समोर मुलीचं जेवण तसंच राहिलं होतं, ती नुसती बघत होती.

व्याही कौतुकाने म्हणाले, "मास्तर, घरात सायन्सवाला असला की असा फायदा! चूक पकडलीच तुम्ही."

मी हसायला लागलोही होतो. तेवढ्यात बायको मावा जिलेबी वाढत आमच्यापुढे आली आणि माझं हसू तिथेच अडकलं.

"नाही हो," मी म्हणालो. "चूक मुलीने पकडली आणि केली होती मी. ही पाणी आणायची, मी परत पाठवून दूध द्यायचो. बोलणी मात्र हिने खाल्ली आणि मी गप्प बसलो."

मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायको जिलेबीचं ताट धरून उभीच.

दादांनी मानही वर केली नाही. "मला काय नवीन सांगतोस? गोळी माझ्याच तोंडात जात होती ना." मग वाढप्याला हाक मारली, "ए भैया, मास्तरांना पाणी दे. दूध नको देऊ!"

सगळी पंगत हसली. बायकोही हसली, डोळे पुसत. सवयीने तिने जिलेबीचा तुकडा मोडला आणि दादांच्या तोंडाशी नेला.

"ताटात वाढ," दादा म्हणाले. "आख्खी."

तिने वाढली. त्यांनी ती उचलली, खाल्ली, बोटं चाटली आणि अजून एक मागितली.