आबाजींचा पिंड आणि आमच्या घरचा विद्वान

किस्सा सांगतो, पण सौंसरला दिलेल्या माझ्या बहिणीसमोर, आमच्या आक्कासमोर, तो काढू नका. तिच्या लेखी तो चमत्कार आहे. माझी फजिती फक्त मला ठाऊक, माझ्या पोराला ठाऊक, आणि पांढुर्ण्याच्या समस्त कावळ्यांना ठाऊक.

राज्यांची नवी वाटणी नुकतीच झाली होती. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही पांढुर्णेवाले भोपाळकडे. त्याच हिवाळ्यात माझे वडील आबाजी गेले.

माझा मुलगा प्रभाकर तेव्हा नागपूरला युनिव्हर्सिटीत शिकत होता. काय शिकत होता म्हणाल, तर जनावरं कशी वागतात आणि पिढ्यानपिढ्या बदलत तशी वागायला कशी लागली. सुटीत घरी आला की मागच्या अंगणात बाज टाकून कावळ्यांकडे टक लावून बसायचा. आबाजींना त्याचं भारी कौतुक. ते कावळ्यांना पोळी टाकायचे, नातू पाहत बसायचा.

मी एकदा म्हटलं, "अबे, गिऱ्हाईक कसं वागते ते दुकानात बसून फुकट शीक ना. कावळे पाहायले नागपूरले कायले जातं?"

"बाबा, गिऱ्हाईक बी प्राणीच आहे," तो म्हणाला.

आबाजी हसले. मी नाही हसलो. तेव्हाच ठरवून टाकलं, योग्य वेळ आली की पोट्ट्याला गल्ल्यावर बसवायचं. आबाजी होते तोवर हिंमत नव्हती. ते गेल्यावर मनात म्हटलं, दहावा होऊ दे, मग नागपूर बंद.

आला दहावा दिवस. जाम नदीच्या काठावर भटजींनी विधी केले, पिंड मांडला. मी सकाळीच मुंडण करून, मिशी उतरवून, हात जोडून पिंडासमोर उभा. गाव मागे.

समोरच्या कडुलिंबावर कावळे भरपूर. खाली एकही येईना.

भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, वचन द्या."

आता मी पडलो व्यापारी. पहिल्या बोलीलाच वरचा भाव कोण देतो? मी लहानातून सुरुवात केली. "आबाजी, आक्काले दरसाल दिवाळीले लुगडं घेईन."

आक्काने डोळ्यांना पदर लावला. कावळा ढिम्म.

"बरं, जामसावळीच्या मारुतीले पायी जाईन." माझं वजन पाहता ही बोली लहान नव्हती. कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि आणखी वरच्या फांदीवर गेला.

शेजारचे गुलाबराव कानाशी आले. "शेठजी, आबाजीचा जीव नागपुरात होता. हे भोपाळचं प्रकरण त्यायले पटलं नव्हतं."

काय करता? मी म्हणालो, "आबाजी, पांढुर्णा नागपुरासंगं जोडाचं मी पाहून घेतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "दिल्लीले जमलं नाही, हे किराणावाले जोडून राहिले." दहाव्याला हसू नये, पण हसले लोक.

ऊन चढलं. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ." म्हणजे गवताचा कावळा, अगदीच इलाज नसला तर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडी बाजारात चारी खेड्यांतले लोक म्हणाले असते, यांच्या बापाच्या पिंडाला कावळा शिवला नाही. मग माझ्या दुकानच्या तुरीच्या डाळीला कोण शिवतं?

आक्का पुढे आली. "बापू, कायले इकडचं तिकडचं बोलतं? आबाजीचा जीव कशात होता, तुले माहीत नाही?"

माहीत होतं. प्रभाकर बाजूला उभा राहून टक लावून पाहत होता. मी घाम पुसला आणि शेवटचा भाव सांगून टाकला. "आबाजी, प्रभाकर नागपूरले जाईन. लागन तेवढं शिकन. मी आडवा येणार नाही."

सगळ्यांनी वर पाहिलं. कावळा तिथेच.

मग प्रभाकर हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा त्या बाभळीच्या मागं जा."

"काऊन?"

"जा त खरं."

मी बाभळीमागे दिसेनासा झालो मात्र, कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडावर बसला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. आक्का हमसून हमसून रडली. भटजी म्हणाले, "पाहा, शिक्षणातच जीव गुंतला होता." मी बाभळीमागून हात जोडत बाहेर आलो, तर सगळे कावळे मला पाहून बोंबलत उडाले.

घरी जाताना पोराला गाठलं. "हे काय होतं बे?"

"बाबा, मागच्या अंगणात शेंगा वाळून राहिल्या, तवापासून तुम्ही कावळ्यायले गोटे मारता. कावळा चेहरा विसरत नाही. एकाचं पाहून बाकीचे शिकतात."

आता आमच्या गावात वर्षातून एकदा गोटमार होते, नदीच्या दोन्ही काठांवरून लोक एकमेकांना गोटे मारतात. नेम आमच्या रक्तात आहे, आणि मी तो एरवीही वाया जाऊ देत नव्हतो, हे कबूल. पण मी म्हटलं, "अरे, मुंडण झालं, मिशी गेली. तुझ्या मायनं मले सकाळी दारात ओळखलं नाही."

"कावळ्यानं ओळखलं."

"म्हणजे तुले पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग लुगड्याच्या वेळीच काऊन नाही बोलला?"

"प्राणी कसा वागते ते पाहाचं असन, त मधात बोलाचं नसते. हे पहिलेच शिकवतात आमाले."

मी मान डोलावली. बरोबर आहे, कावळे बिचकले असते. घर येईपर्यंत मी त्याच समाधानात होतो. उंबरठ्यावर पाय धुताना डोक्यात उजेड पडला आणि तांब्या हातातच राहिला.

"प्रभाकर, पाहून कोणाले राहिला होता तू?"

पोरगं आत नागपूरची पेटी भरत होतं.